जीज बेंडच्या गोधड्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गोधडी शिवायला शिकवते. वर्गातल्या बायकांचा हात धावदोऱ्याला बसला, की एक दिवस सुया बाजूला ठेवून मी अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या खेड्यातल्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्यांचे फोटो दाखवते, आणि या गोधड्यांत इतिहास आणि समाज दोन्ही शिवलेले आहेत असं सांगते. पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते, "अय्या, ही तर आमच्या आजीची वाकळ!" जरा निरखून पाहिलं की हे प्रकरण वेगळं आहे हे कळतं, आणि मग प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. दर तुकडीत तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. काही लांबली आहेत, काही दोन ओळींत आटोपली आहेत.

हे जीज बेंड आहे तरी कुठे?

अलाबामा नदी एका ठिकाणी घोड्याच्या नालेसारखी वळते. त्या वळणाच्या पोटात, तीन बाजूंनी पाणी असलेल्या जमिनीवर हे गाव आहे. परगणा विल्कॉक्स. कागदोपत्री गावाचं नाव बॉयकिन आहे, पण जग त्याला जीज बेंड म्हणूनच ओळखतं. नदीपलीकडे कॅम्डन हे परगण्याचं मुख्य ठिकाण. होडीने गेलं तर हाकेच्या अंतरावर, रस्त्याने गेलं तर तासाभराचा वळसा. हा वळसा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

यातल्या निम्म्याअधिक बायकांचं आडनाव पेटवेच कसं? सगळ्या एकाच घरातल्या का?

नाही. पेटवे हे त्यांच्या पूर्वजांच्या मालकाचं आडनाव.

१८१६ साली जोसेफ जी नावाच्या माणसाने इथे कापसाचा मळा टाकला. गावाला नाव त्याचं मिळालं. १८४५ साली मळा मार्क पेटवेकडे गेला. तो नॉर्थ कॅरोलिनातून येताना शंभरेक गुलाम घेऊन आला. मालकाचं कुटुंब गाडीतून आलं, गुलाम पायी चालत. गुलामगिरी संपल्यावर ही माणसं तिथेच खंडाने जमीन कसत राहिली आणि आडनावही तेच राहिलं. म्हणून मिसूरी पेटवे, लोरेटा पेटवे, आर्लोन्झिया पेटवे अशी नावं वाचताना नातं लावायची घाई करू नका.

गोधडीत इतिहास असतो, असं तुम्ही म्हणता. म्हणजे नेमकं काय?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण त्याचं उत्तर एका गोधडीत देता येतं.

१९४२ साली मिसूरी पेटवेचा नवरा नेथॅनियल वारला. तिने त्याचे शेतातले कामाचे कपडे काढले आणि ते उसवून, फाडून त्यांची गोधडी शिवली. सतरा-अठरा वर्षांची मुलगी आर्लोन्झिया मदतीला होती. पुढे आर्लोन्झिया स्वतः नावाजलेली गोधडीकार झाली. आई तेव्हा काय म्हणाली ते ती सांगायची: त्याच्या कपड्यांची गोधडी करते, म्हणजे त्याची आठवण राहील आणि मायेने ती पांघरून झोपता येईल.

ही गोधडी साधारण साडेसात फूट लांब आहे. नुसत्या पट्ट्या आणि ठोकळे, नक्षी म्हणावी तर काहीच नाही. कामाच्या कपड्यांच्या या जातीच्या गोधड्या जवळून पाहिल्या, की विजारीचा गुडघा कुठला ते ओळखू येतं, कारण तिथलं कापड घासून पांढुरकं झालेलं असतं. खिसा उसवून काढला असेल तर त्या जागी गडद चौकोन उरतो. बाकीचं कापड उन्हाने आणि धुण्याने विटलं, खिशाखालचं तेवढं मूळ रंगाचं राहिलं. त्या चौकोनावरून माणूस किती वर्षं उन्हात राबला याचा अंदाज बांधता येतो. पेटव्यांच्या मळ्याच्या दप्तरात त्याच्या पूर्वजांची नोंद मालमत्ता म्हणून असायची. इथे त्याची नोंद त्याच्याच घरच्यांनी केली आहे, त्याच्याच विजारीवर.

पण एक सावधगिरी बाळगा. मिसूरीने इतिहास जपायचा म्हणून गोधडी शिवली नाही. फटी पडलेल्या लाकडी खोपटात मुलांना थंडी वाजत होती, आणि नवरा गेला होता. आधी ऊब, मग आठवण, कला वगैरे नंतर. काहीच टाकून द्यायची ऐपत नव्हती म्हणून सगळं जपलं गेलं. हा क्रम उलटा करून सांगितला की गोष्ट खोटी वाटू लागते.

आपल्या गोधडीत आणि त्यांच्या गोधडीत फरक काय?

आपण जुनेर अंथरतो, थरावर थर चढवतो आणि सगळ्यातून धावदोरा घालतो. त्यांच्या गोधडीत तीन थर असतात. वरचा थर तुकडे जोडून केलेला, मध्ये कापूस, खाली अस्तर. हा कापूस पुष्कळदा जिनिंगच्या जमिनीवरून झाडून आणलेला असायचा. तो काठीने झोडपून साफ करायचा आणि पसरायचा. टाका मात्र तोच, धावदोरा. त्या बाबतीत सगळ्या जगातल्या बायका एकमेकींच्या ओळखीच्या आहेत.

‘हाउसटॉप’ हा प्रकार कसा शिवतात?

हाउसटॉप म्हणजे घराचं छप्पर, वरून बघितल्यासारखं. मधे एक चौकोन घ्यायचा. त्याच्या एका बाजूला पट्टी जोडायची, मग दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या बाजूला. परत पहिल्या बाजूला या आणि पुढचा फेरा सुरू करा. चौकोनात चौकोन वाढत जातो. ऐकायला सोपं आहे.

खरी गंमत पुढे आहे. पट्टी सरळ कापलेली नसते, फाडलेली असते. एक बाजू जाड होते, दुसरी बारीक. लाल कापड मधेच संपतं, म्हणून तिथे तपकिरी येतं. आपल्या वर्गातल्या बायका अशा वेळी उसवायला घेतात. जीज बेंडच्या बायका उसवत नाहीत. ती वाकडी रेघ पुढच्या पट्टीने सावरायची किंवा आणखी वाकडी करायची, हा निर्णय त्या तिथल्या तिथे घेतात. आखून शिवायचं नाही ही तिथली पद्धत आहे. दुसरीची गोधडी बघायची, पण तशीच्या तशी करायची नाही. ‘आपल्या मनाची’ करायची. ज्याला त्या मनाची म्हणतात त्याला संगीतातले लोक उपज म्हणतील.

मग यात ‘समाज’ कुठे आला? हे तर एकटीचं काम झालं.

वरचा थर एकटीचा. तो जमला की तीन थर एकत्र टाचायचे काम सगळ्यांचं. लाकडी चौकट छताला टांगायची, तिच्यावर गोधडी ताणायची आणि चारही बाजूंनी बायका बसायच्या. आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी. हात चालू आणि तोंडाने चर्चमधली भजनं. आपल्याकडे जात्यावर बसल्यावर ओवी आपोआप सुचायची, तसंच. लहान मुली चौकटीखाली बसून वरून येणाऱ्या सुया बघत शिकायच्या.

नुसती गाणीच चालायची असं समजू नका. कुणाच्या घरात पीठ संपलं, कुणाचं मूल आजारी आहे, कुणाचं बाळंतपण जवळ आलं, हे सगळं त्या चौकटीभोवतीच कळायचं, आणि ज्याची गरज आहे ते पोचायचंही तिथूनच.

१९३२ साली काय झालं? कुणीतरी ‘गाव लुटलं’ असं म्हणालं होतं.

शब्द कठोर आहे, पण चुकीचा नाही. कापसाचे भाव कोसळले होते. कॅम्डनचा एक व्यापारी गावकऱ्यांना उधारीवर बी-बियाणं देत असे. तो वारला आणि त्याच्या विधवेने सगळी वसुली एकदम काढली. माणसं पाठवून गावातली अवजारं, गाईगुरं, कोंबड्या, साठवलेला मका, रताळी, जे हाती लागलं ते गाड्यांत भरून नदीपार नेलं. त्या हिवाळ्यात रेड क्रॉसच्या पिठावर गाव जगलं.

नंतर रूझवेल्ट सरकारने मळ्याची जमीन विकत घेतली, नवी घरं बांधली आणि १९४०च्या दशकात कमी व्याजाच्या कर्जावर ती गावकऱ्यांनाच विकली. त्या घरांना लोक अजून ‘रूझवेल्ट घरं’ म्हणतात. या गोष्टीचं महत्त्व पुढे वीस वर्षांनी कळलं.

मतदानाचा आणि गोधडीचा काय संबंध?

१९६०च्या सुरुवातीला विल्कॉक्स परगण्यात कृष्णवर्णीय लोकसंख्या भरपूर होती, पण मतदार यादीत त्यांचं नाव नव्हतं. जीज बेंडचे लोक नाव नोंदवायला होडीने कॅम्डनला जाऊ लागले. १९६२ साली ती फेरीबोटच बंद झाली. आता आठवला तो तासाभराचा वळसा? ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनी काय करायचं? फेरीबोट परत सुरू व्हायला २००६ साल उजाडलं. चव्वेचाळीस वर्षं!

फेब्रुवारी १९६५ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग या गावात आले. आसपासच्या भागात मतदानासाठी पुढे आलेल्या खंडकऱ्यांना जमीनमालकांनी घराबाहेर काढलं. जीज बेंडमधल्या ज्यांची घरं स्वतःच्या नावावर होती, त्यांना असं हुसकावणं सोपं नव्हतं. रूझवेल्ट घरांचा उपयोग हा असा झाला.

त्याच सुमाराला फ्रान्सिस वॉल्टर नावाच्या पाद्र्याला वाटेत दोरीवर वाळत घातलेल्या गोधड्या दिसल्या. त्यातून १९६६ साली ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था उभी राहिली. तिचं काम एस्टेल विदरस्पूनसारख्या स्थानिक बायकांनी वर्षानुवर्षं सांभाळलं. न्यूयॉर्कमध्ये गोधड्यांचे लिलाव झाले, मोठ्या दुकानांच्या ऑर्डरी आल्या. संस्थेने जमीन घेतली, शिवणकामाची इमारत बांधली, पाळणाघर चालवलं, आणि मतदानापायी बेघर झालेल्या काही कुटुंबांना त्याच जमिनीत जागा दिली. ज्या परगण्यात बाईला शेतमजुरीशिवाय दुसरं काम नव्हतं, तिथे आठवड्याचा पगार सुरू झाला.

याची दुसरी बाजूही वर्गात सांगते. दुकानांना शंभर गोधड्या एकसारख्या हव्या असतात. रेघ सरळ, माप बरोबर. ‘आपल्या मनाची’ शिवणाऱ्या बायकांना ते जाचायचं. काही जणी सहकारी संस्थेचं काम दिवसा करायच्या आणि स्वतःची वेडीवाकडी गोधडी रात्री घरी. आज संग्रहालयांत आहेत त्यातल्या बऱ्याच अशा घरी, आपल्या मनाने शिवलेल्या. संस्था २०१२ साली बंद झाली.

इतक्या गोधड्यांत कॉरडरॉय कसं काय दिसतं? गरीब गावात एवढं महागाचं कापड?

१९७२ साली फ्रीडम क्विल्टिंग बीला सीअर्स कंपनीचं उशांचे अभ्रे शिवायचं काम मिळालं. कापड कॉरडरॉय. उरलेल्या चिंध्या बायकांनी घरी नेल्या. म्हणून सत्तरच्या दशकातल्या गोधड्यांत एकदम सोनेरी पिवळा, चेरीसारखा लाल आणि तो काळाचा शिक्का असलेला हिरवट रंग उसळून येतो. कापड बघून साल सांगता येतं, ते असं.

या गोधड्या संग्रहालयात कशा पोचल्या?

विल्यम आर्नेट नावाच्या अटलांटाच्या संग्राहकाने एका पुस्तकात फोटो पाहिला. सरपणाच्या ढिगावर टाकलेली एक गोधडी आणि शेजारी ती शिवणारी अ‍ॅनी मे यंग. तो शोधत गावात आला. गावात जुन्या गोधड्यांना काही किंमत नव्हती. पार विरलेल्या गोधड्या जाळून त्यांच्या धुराने डास हाकलायचे. त्याने शेकडो गोधड्या विकत घेतल्या. २००२ साली ह्यूस्टनच्या संग्रहालयात त्यांचं प्रदर्शन झालं, तिथून ते न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात गेलं आणि गाव जगप्रसिद्ध झालं. २००६ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने या गोधड्यांची दहा तिकिटं काढली.

समीक्षकांनी त्यांची तुलना मातीस आणि क्ले या युरोपातल्या आधुनिक चित्रकारांशी केली. कौतुक म्हणून ठीक आहे, पण मला ते खटकतं. नदीच्या वळणात जन्म काढलेल्या बाईला समजून घ्यायला पॅरिसमार्गे कशाला जायचं? तिच्या शेजारणीच्या दोरीवरची गोधडी बघा, उत्तर तिथे आहे.

पैसे कुणाला मिळाले?

अवघड जागेचं दुखणं. नमुने गालिच्यांवर, कपबशांवर, चादरींवर छापले जाऊ लागले आणि आपला वाटा किती हा प्रश्न बायकांनी विचारला. २००३ साली गावातल्या बायकांनी स्वतःचा गट स्थापन केला, विक्री आपल्या हातात असावी म्हणून. २००७ साली काही जणी कोर्टात गेल्या. पुढच्या वर्षी प्रकरण तडजोडीने मिटलं. २०२१ पासून बऱ्याच जणी स्वतःच्या नावाने ऑनलाइन गोधड्या विकतात. गोधडीखाली शिवणारीचं नाव असतं, ‘अज्ञात कारागीर’ नसतं. आपल्याकडच्या प्रदर्शनांत वाकळीखाली ‘पारंपरिक, महाराष्ट्र’ एवढीच चिठ्ठी दिसते, तेव्हा मला हे आठवतं.

गोधड्यांत पळून जाणाऱ्या गुलामांसाठी गुप्त नकाशे असायचे, हे खरं आहे का?

व्हॉट्सअपवर फिरणारी ही कथा गोड आहे. अमुक नक्षीची गोधडी कुंपणावर टांगली की निघायची वेळ झाली, वगैरे. १९९९ साली ती पुस्तकरूपाने आली आणि शाळांत शिकवली जाऊ लागली. इतिहासकारांना तिला आधार सापडलेला नाही. ज्या नक्षींची नावं सांगितली जातात त्यातल्या काही तर त्या काळानंतरच्या आहेत. पळून गेलेल्या माणसांच्या स्वतःच्या आठवणी पुष्कळ छापलेल्या आहेत, त्यांत हे येत नाही. खरी गोष्ट पुरेशी मोठी असताना तिला रहस्यकथेचा मुलामा कशाला?

मग गोधडीवर खरोखर गोष्ट सांगणारी कुणी होती का?

होती की. हॅरिएट पॉवर्स. १८३७ साली जॉर्जियात गुलामगिरीत जन्मली. तिच्या दोनच गोधड्या उरल्या आहेत, एक वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये, दुसरी बोस्टनच्या संग्रहालयात. कापडाची माणसं, प्राणी, तारे कापून शिवलेले. बायबलातल्या कथा आहेतच, पण १८३३ साली आकाशातून उल्कांचा पाऊस पडला होता तोही आहे. म्हणजे तिच्या जन्माच्या चार वर्षं आधीची गोष्ट! घरात, शेतात, म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकलेली रात्र तिने साठ वर्षांनी सुईने उतरवली.

पहिली गोधडी १८८६ साली जॉर्जियातल्या अथेन्स गावच्या कापूस जत्रेत ठेवली होती. जेनी स्मिथ या चित्रकला शिक्षिकेने ती मागितली, हॅरिएटने नकार दिला. १८९१ साली पैशाची नड आली. तिने दहा डॉलर सांगितले, मिळाले पाच. विकल्यावर ती आपली गोधडी बघायला त्या बाईंकडे अधूनमधून जायची. लेक सासरी दिल्यासारखी.

कृष्णवर्णीयांच्या कलेत इतिहास आणि समाज असा फक्त गोधड्यांतच दिसतो का?

छे. एवढ्या एका पानात मावणार नाही, पण तीन नावं सांगते.

जेकब लॉरेन्सने १९४१ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, दक्षिणेतून उत्तरेकडे गेलेल्या लाखो कृष्णवर्णीयांच्या स्थलांतरावर साठ चित्रांची मालिका पुरी केली. माहिती त्याने न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, १३५व्या रस्त्यावरच्या वाचनालयात बसून गोळा केली. चित्रांच्या साठही फळ्या एकदम मांडायच्या आणि एक रंग घेऊन सगळ्यांवर फिरायचं, मग दुसरा रंग. त्यामुळे साठ चित्रं एकाच गोष्टीची वाटतात. गंमत म्हणजे दोन संग्रहालयांनी ती वाटून घेतली, सम क्रमांक न्यूयॉर्कला, विषम वॉशिंग्टनला. गोष्टीचं प्रत्येक दुसरं पान वेगळ्या गावात.

हार्लेमचीच फेथ रिंगगोल्ड. तिने पहिली गोधडी १९८० साली आईबरोबर केली, आई कपड्यांची डिझायनर होती. आपलं आत्मचरित्र छापायला प्रकाशक मिळेना, तेव्हा तिने गोधडीवरच लिहायला सुरुवात केली. चित्र मध्ये, मजकूर कडेच्या पट्ट्यांवर. गोधडी भिंतीवर लावली की लोकांना वाचावीच लागते. २०२४ साली ती गेली.

तिसरं उदाहरण घरांचं. ह्यूस्टनच्या थर्ड वॉर्ड वस्तीत पाडायला निघालेली बावीस छोटी लाकडी घरं १९९३ साली सात कृष्णवर्णीय कलावंतांनी वाचवली. काहींत प्रदर्शनं लागतात. १९९६ पासून काहींत एकट्या तरुण आया मुलांसह राहतात आणि शिकतात. संस्थेचं नाव प्रोजेक्ट रो हाउसेस. इथे चित्र कुठलं आणि वस्ती कुठली हे वेगळं करता येत नाही.

‘कृष्णवर्णीय’ म्हणावं की ‘काळे’?

मराठी छापखान्यात कृष्णवर्णीय रुळलंय, तेच वापरा. इंग्रजीत त्या समाजाने ‘ब्लॅक’ हा शब्द साठच्या दशकात अभिमानाने स्वीकारला. जुन्या मराठी पुस्तकांतला ‘निग्रो’ हा शब्द आता वापरू नये, तो अपमानकारक आहे.

आपला याच्याशी काही संबंध आहे का, की उगाच ओढूनताणून?

संबंध आहे, आणि तो जोतीरावांपासून आहे. १८७३ साली आलेलं ‘गुलामगिरी’ त्यांनी अमेरिकेतल्या गुलामगिरी नष्ट करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. पुढे १९७२ साली मुंबईत दलित पँथरने नाव घेतलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून.

आणि शिवणाऱ्या माणसाला जवळचा धागा कारवारच्या वरच्या जंगलात आहे. सिद्दी म्हटलं की आपल्याला फक्त जंजिरा आठवतो. पण उत्तर कन्नडमध्ये हल्याळ, येल्लापूर, मुंडगोडकडे राहणारे सिद्दी वेगळे. त्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात आणलेले गुलाम होते, ते पळून रानात आले. बरेच जण अजून कोकणी बोलतात. त्यांच्या बायका जी गोधडी शिवतात तिला कवंद म्हणतात. कडेपासून सुरुवात करून टाके मध्याकडे नेत जातात आणि चारही कोपऱ्यांना त्रिकोणी ठिगळं लावतात, ती ‘फुलं’. फुलांशिवाय कवंद म्हणजे उघडीनागडी, असं त्या मानतात.

जीज बेंड आणि कवंद शेजारी ठेवली की डोळे चमकतात, आणि लगेच कुणीतरी म्हणतं, ‘आफ्रिकेचा वारसा!’ जरा थांबा. दिसायला सारखं म्हणजे मूळ एक, असं होत नाही. दख्खनची गोधडीही त्या बायकांनी शेजारणींकडून घेतलेली असू शकते. चिंध्या कमी आणि थंडी जास्त असली की हात कुठेही असाच चालतो.

मी घरी हाउसटॉप शिवली तर चालेल का?

शिवा की. फक्त विकायला ठेवलीत तर ‘जीज बेंड गोधडी’ म्हणू नका, ते नाव त्या गावातल्या बायकांचं आहे. तुमची हाउसटॉप तुमच्या घरच्या कपड्यांची करा, आणि मागच्या अस्तरावर कुणाचं लुगडं, कुणाचा सदरा ते पक्क्या दोऱ्याने लिहा. माझ्या आजीच्या वाकळीत एक जांभळा काठ आहे. तो कुणाचा, हे सांगणारं आता घरात कुणी नाही.

प्रत्यक्ष बघायच्या असतील तर?

मिसूरीची गोधडी वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीच्या संग्रहात आहे. पण प्रत्येक वस्तू नेहमी मांडलेली नसते, जाण्याआधी चौकशी करा. गावातच जायचं तर ऑक्टोबर बरा. २०२२ पासून त्या महिन्यात तिथे गोधड्या वाळत घालायचा उत्सव भरतो. घराघरांपुढे, दोऱ्यांवर, कुंपणांवर. कॅम्डनहून फेरीबोटीने जा. आता ती चालू आहे.